दर बारा तासांनी एक सही

रात्रीचे दोन वाजत आले होते. ताईला नुकताच डोळा लागला होता आणि सिस्टर पॅड घेऊन आल्या. पॅडला एक साधा कागद लावलेला, वर तारीख आणि वेळ, खाली एक रेघ. "ताईंना उठवा जरा, सही हवी आहे." दुपारी दोनलाही त्यांनी अशीच सही घेतली होती. मला वाटलं, औषध लावायची परवानगी असेल. हॉस्पिटलात आल्यापासून आम्ही इतक्या कागदांवर सह्या केल्या होत्या की त्यात आणखी एक. सिस्टर पंपाकडे वळल्या तेवढ्यात मी पेन उचललं आणि ताईचं नाव लिहून टाकलं. तिची सही मला अगदी हुबेहूब जमते. तिची झोपमोड वाचली, एवढाच विचार माझ्या मनात होता.

सिस्टरांनी कागद उचलला, दुपारच्या सहीशेजारी धरला आणि माझ्याकडे बघितलं. मग तो कागद फाडला. रागावल्या नाहीत. ताईला स्वतः हलवून उठवलं, पाठीशी उशी दिली, नवा कागद पुढे ठेवला आणि तिची सही होईपर्यंत पंपाला हात लावला नाही. औषध सुरू झाल्यावर मला दारापाशी बोलावलं. "ही परवानगीची सही नाही हो. ह्या औषधाने कधीकधी लहान मेंदूला इजा होते, आणि ती सगळ्यात आधी अक्षरात दिसते. तुमची सही मी चालवून घेतली असती, तर आज ताईंना न तपासताच औषध चढलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ताईला दिलं जात होतं ते औषध सायटाराबिन. त्याचं नाव मी दोन महिने रोज ऐकत होते, डिस्चार्ज कार्डावर वाचत होते, नातेवाइकांना फोनवर सांगत होते. पण त्याबद्दल मला कळलं होतं ते इतकंच, की केमो आहे, उलट्या होतात, केस जातात. ज्या एका गोष्टीवर तिची चाल, तिचं बोलणं, तिचं अक्षर अवलंबून होतं, ती मला माहीत नव्हती. आणि माहीत नसल्यामुळे मी ती माझ्याच हाताने मोडीत काढत होते.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या धाकट्या भावाला, अठ्ठावीस वर्षांच्या, एएमएल निघाला आहे, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर, ताईला झाला होता तोच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून औषध सुरू होणार होतं. "तू ह्यातून गेली आहेस. मी काय लक्षात ठेवू ते सांग." मी तासभर बोलत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बोलण्याच्या ओघात बरंच राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. डोस किती, कधी, कुणाला, हे ठरवणारी माणसं वेगळी. मी पेशंटच्या उशाशी बसणाऱ्यांपैकी आहे, आणि तिथून जे दिसतं ते लिहिते आहे.

सायटाराबिनची हकिकत समुद्रातून सुरू होते. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कॅरिबियन भागातल्या एका स्पंजमधून काही विचित्र रेणू वेगळे काढले. आपल्या पेशींमध्ये जनुकांचे घटक बनतात त्यांच्यासारखेच हे रेणू होते, फक्त त्यांतली साखर वेगळी, अरॅबिनोज. त्या धाग्यावरून पुढे १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला ल्युकेमियासाठी मान्यता मिळाली. आज पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी एएमएलच्या उपचारातून ते बाजूला झालेलं नाही. ताईला ही गोष्ट फार आवडली होती. बाटलीतल्या त्या पाण्यासारख्या रंगहीन द्रवाकडे बघून ती म्हणायची, समुद्रातून आलंय माझ्यासाठी.

ते काम कसं करतं हे मी मुद्दाम समजून घेतलं, कारण ते समजल्यावर वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. पेशीला दुभंगून दोन व्हायचं असेल, तर आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते. त्या नकलेसाठी जे सुटे तुकडे लागतात, त्यांतल्या एका तुकड्याचा हा तोतया. साखरेच्या ज्या एका कार्बनवर खऱ्या तुकड्यात नुसता हायड्रोजन असतो, तिथे ह्याच्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड आहे, एवढाच फरक. पेशी फसते, त्याला आत घेते, साखळीत ओवते आणि पुढचा तुकडा नीट बसेनासा होतो. नक्कल तिथेच अडते आणि पेशी मरते.

म्हणजे जी पेशी त्या घडीला नक्कल काढत असेल, तिच्यावरच ह्याचा मारा चालतो. बाकीच्या पेशी त्या वेळी नुसत्याच बसलेल्या असतात, त्या सुटतात. त्यातून हे औषध शरीरात फार टिकत नाही. यकृतातलं एक एन्झाइम ते भराभर निकामी करतं आणि एका दिवसात त्याचा बहुतेक भाग लघवीवाटे निघून जातो. तोंडाने दिलं तर त्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं, म्हणून गोळी नाही, शिरेतून. आणि म्हणूनच पहिल्या फेरीत ते सात दिवस, दिवसरात्र, पंपावर थेंब थेंब चालू असतं. तोतया सतत हजर हवा, म्हणजे आज सुटलेली पेशी उद्या सापडते. हे कळायच्या आधी मी सिस्टरांना विचारलं होतं, "अंघोळीपुरता अर्धा तास पंप बंद नाही का ठेवता येणार?" त्या नाही म्हणाल्या. मला ते उगाच कडक वाटलं होतं.

त्या पहिल्या फेरीला सगळे सेव्हन प्लस थ्री म्हणतात. सात दिवस सायटाराबिन, त्यातले पहिले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिनसारखं दुसरं औषध. ही जोडी १९७३ पासूनची. डॉनोरुबिसिन लालभडक असतं आणि त्याने एकदोन दिवस लघवीही लालसर होते. आधी सांगितलेलं असलं तर माणूस घाबरत नाही. आम्हाला सांगितलं नव्हतं. ताईला वाटलं रक्तच जातंय, आणि तिने ते संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगितलं नाही.

हा ताईचा स्वभाव. डोकं दुखत असलं तरी "जरा पडते" म्हणायची, ताप असला तरी "अंग कोमट आहे." हॉस्पिटलात तर ती सगळ्यांची पाहुणी असल्यासारखी वागायची. सिस्टरांना कशाला सारखं बोलवायचं, डॉक्टरांना किती पेशंट असतात, उगाच कशाला. आपल्यातली कितीतरी माणसं अशीच वाढलेली असतात. दुखणं गिळायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही, हा मोठा गुण समजला जातो. ह्या औषधापुढे मात्र हा गुण घात करतो. आणि त्या लाल औषधाच्या बाबतीत तर हमखास. ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, त्यामुळे सलाईनच्या जागी जळजळलं, टोचलं, सूज वाटली, तर "हा थेंब संपू दे" म्हणून थांबायचं नाही, त्याच क्षणी बेल दाबायची. सायटाराबिन स्वतः तसं जाळत नाही. पण सुईशी काय चाललंय हे फक्त पेशंटलाच जाणवतं. बाहेरून पंपाचे आकडे ठीकच दिसत असतात.

पहिल्या फेरीत खरी परीक्षा औषध संपल्यावर सुरू झाली. आमचा समज असा, की सात दिवस काढले की सुटलो. पण ही औषधं वाईट पेशींबरोबर हाडांच्या मज्जेतल्या, जिथे रक्त बनतं तिथल्या, चांगल्या पेशीही झोपवतात, आणि त्याचा तळ नंतर येतो. ताईच्या पांढऱ्या पेशी आठवड्याच्या शेवटी पडल्या, मग बाराव्या दिवसाच्या आसपास किंचित वर आल्या. मी वहीत तो आकडा लिहून भोवती गोल केला, घरी फोन करून सांगितलं की काउंट चढायला लागले. दोन दिवसांनी ते पुन्हा पडले, आधीपेक्षा खाली. मला वाटलं, औषध लागू पडलं नाही. राउंडला डॉक्टर म्हणाले, "हे असंच होतं. ह्या औषधाचा उतार दोन पायऱ्यांचा आहे. पहिला सातव्या-नवव्या दिवशी, दुसरा, जास्त खोल, पंधराव्यापासून चोविसाव्यापर्यंत. मग भराभर वर येतात." आणि तसंच झालं. आधी सांगितलं असतं, तर ते दहा दिवस मी रोज अहवालाची वाट बघत कॉरिडॉरमध्ये उभी राहिले नसते.

त्या तळाच्या दिवसांत ताप ही एकच गोष्ट सगळ्यांच्या वर ठेवायची. १००.४ फॅरनहाइट. हा आकडा मी मैत्रिणीकडून फोनवर दोनदा म्हणवून घेतला. हॉस्पिटलात असाल तर लगेच सिस्टरांना, घरी असाल तर लगेच हॉस्पिटलात, रात्र असो, पाऊस असो. अंगात जंतूंशी लढायला पेशीच नसतात, त्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फारसा येत नाही. ताप हीच एक खूण उरते. पॅरासिटामॉल देऊन ती खूण पुसायची नाही. आधी फोन, रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी), शिरेतून अँटिबायोटिक, आणि गोळी डॉक्टर म्हणतील तेव्हा. घोळ असा, की सायटाराबिनने स्वतःच ताप येऊ शकतो. औषध लागल्यावर सहा ते बारा तासांत कणकण, अंगदुखी, हाडं ठणकणं, अंगावर पुरळ, डोळे लाल. अशा वेळी "औषधाचाच असेल" असं म्हणण्याचा मोह होतो. तो ताप औषधाचा की जंतूंचा, हे घरात बसून कुणालाही ठरवता येत नाही. डॉक्टरही कल्चर पाठवतात, अँटिबायोटिक सुरू करतात आणि मगच ठरवतात.

प्लेटलेटही पडतात. एरवी दीड लाखाच्या वर असतात, त्या दिवसांत दहा हजारांच्या खाली गेल्या की साधारण चढवतात. म्हणून मऊ ब्रश, जोरात नाक शिंकरायचं नाही, स्नायूत इंजेक्शन घ्यायचं नाही, आणि अंग दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने घ्यायचं नाही. पायांवर लाल टिपके उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर सांगायचं. तोंड येतं ते वेगळंच. ताईच्या गालाच्या आतून सालं निघाली होती, चार दिवस ती खुणांनी बोलत होती. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या, दुखायला लागायच्या आधीपासून. दुखायला लागल्यावर गुळणीही जमत नाही. केसांबद्दल फार लिहीत नाही. ते गळले आणि परत आले, आधीपेक्षा मऊ.

महिन्याने मज्जेची तपासणी झाली. वाईट पेशी पाच टक्क्यांच्या खाली. डॉक्टर रेमिशन म्हणाले, म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा झाला, आणि आम्ही रडलो. त्याच वाक्याला जोडून ते पुढे बोलत होते, की आता हे टिकवण्यासाठी मोठ्या डोसच्या तीन-चार फेऱ्या. ते आम्हाला कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

मोठा डोस म्हणजे किती मोठा? पहिल्या फेरीत शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम औषध असतं. (उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचा आकडा काढतात. दर फेरीला वजन घेतात ते ह्यासाठीच, तेव्हा वजनकाट्यावर चप्पल काढून उभं राहावं.) मोठ्या डोसात तेच प्रत्येक वेळी तीन हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं, दर बारा तासांनी, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. एकूण सहा वेळा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, साठ किंवा त्याखालच्या वयाच्या ज्या पेशंटना रेमिशननंतर हा तीन ग्रॅमचा डोस मिळाला, त्यांच्यातले ४४ टक्के चार वर्षांनंतरही रेमिशनमध्ये होते. १०० मिलिग्रॅम मिळालेल्यांमध्ये २४ टक्के. हल्ली अनेक ठिकाणी त्याहून कमी, एक ते दीड ग्रॅमही देतात. किती द्यायचं हे वय, मूत्रपिंडं आणि आजाराचा प्रकार पाहून ठरतं.

एवढ्या मोठ्या डोसात औषध एरवी जिथे फारसं पोचत नाही तिथेही शिरतं. अश्रूंत उतरतं, मेंदूत उतरतं. मेंदूत लपलेल्या वाईट पेशी तिथे सापडतात, हा त्याचा फायदा. पण डोळ्याच्या बाहुलीवरचा पापुद्रा सतत नवा होत असतो, तो दुखावतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उजेड सोसत नाही. म्हणून पहिल्या डोसच्या आधीपासूनच स्टिरॉइडचे थेंब सुरू करतात, दर काही तासांनी, दोन्ही डोळ्यांत, आणि शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन दिवस चालू ठेवतात. हे शेवटचं फार जण विसरतात. सहावा डोस संपला, सुटका झाली, बॅग भरली, आणि थेंबांची बाटली तिथल्या कपाटावरच राहिली. आमची पहिल्या वेळी राहिली होती. दुसऱ्या दिवशी ताई खोलीचे पडदे ओढून बसली होती, डोळे उघडवत नव्हते.

तळहात आणि तळपाय लाल होतात, हुळहुळतात, मग सालं निघतात. ते भिववतं, पण बरं होतं. आणखी एक गोष्ट घरी येणाऱ्यांसाठी. औषध मिळाल्यावर साधारण ४८ तास लघवी, शी, उलटी ह्यांतून ते बाहेर पडत असतं. झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, सांडलेलं पुसताना हातमोजे घालायचे आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला ते काम द्यायचं नाही. मिठी मारायला, एका खोलीत झोपायला काही हरकत नसते. ताईच्या सासूबाई तिच्यापासून चार हात लांब बसायच्या, भीतीने. त्यांना कुणी समजावून सांगितलं, तेव्हा त्याच तिच्या पायांना तेल लावायला लागल्या.

आता ती सही.

लहान मेंदू म्हणजे मानेच्या वर, मागच्या बाजूचा भाग. तोल, बोलणं, हातांची बारीक हालचाल तो सांभाळतो. सायटाराबिनच्या मोठ्या डोसाने तिथल्या पेशी मरू शकतात. हे सगळ्यांना होत नाही. वय जास्त असेल, डोस मोठा असेल किंवा मूत्रपिंडं नीट चालत नसतील, तर धोका वाढतो, कारण औषधाचं जे उरतं ते मूत्रपिंडांनीच बाहेर टाकायचं असतं. म्हणून रोज सकाळी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, मूत्रपिंडं मंदावली की ते वाढतं, आणि म्हणूनच दर डोसच्या आधी ती कवायत. बोट नाकाला लावा, आता माझ्या बोटाला लावा. टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून खाली आणा. माझ्या बोटाकडे बघा, मान न हलवता. एक वाक्य म्हणा. इथे सही करा. पाच मिनिटांचं काम. आमच्या आजूबाजूचे पेशंट त्याला कंटाळायचे. ताई हसायची, "रोज परीक्षा, आणि प्रश्न तेच."

तिच्या सहीत तीन अक्षरं आहेत आणि शेवटी एक मोठी वेलांटी, जी ती शिरोरेषेवरून उचलून झोकात खाली आणते. पहिल्या दोन फेऱ्यांत बारा सह्या झाल्या. मी त्या कागदाकडे नंतर नंतर अशी बघायला लागले होते, की डोळे मिटले तरी ती वेलांटी दिसायची. तिसऱ्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी, रात्री दोनला, चौथ्या डोसच्या आधी, ताईने सही केली आणि वेलांटी वळलीच नाही. शिरोरेषा उजवीकडे खाली घसरली होती, दातेरी, जणू चालत्या गाडीत ओढलेली. अक्षरं आकाराने लहान. "झोपेत आहे गं," ताई म्हणाली. तिचा "झोपेत" किंचित जड, लांबल्यासारखा आला.

त्या रात्रीच्या सिस्टर वेगळ्या होत्या, नव्या होत्या. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ही तिची सही नाही." त्यांनी पुन्हा करायला सांगितली. पुन्हा तशीच. मग बोट नाकाला लावायला सांगितलं, आणि ताईचं बोट नाकाच्या बाजूने गालावर गेलं. सिस्टरांनी पंप सुरू केला नाही, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर दहा मिनिटांत आले. ताईच्या डोळ्यांची बुबुळं एका बाजूला नेली की थरथरत होती. रक्त पाठवलं. फेरी सुरू होताना ०.८ असलेलं क्रिएटिनिन १.५ वर गेलं होतं. चौथा डोस दिला नाही. उरलेले दोनही नाही.

डॉक्टर निघाल्यावर ताई छताकडे बघत म्हणाली, "दुपारी गाऊनच्या नाडीची गाठ सुटत नव्हती मला. बोटं जात होती इकडे तिकडे. म्हटलं, अशक्तपणा असेल."

दुपारी. म्हणजे बारा तास आधी तिला कळलं होतं. दुपारच्या डोसआधीची सही मी नंतर बघितली. ती बरी होती, वेलांटी फक्त थोडी बुटकी. नाडी त्यानंतर अडली असेल. तिने तेव्हाच सांगितलं असतं, तर रक्त संध्याकाळीच गेलं असतं. मी तिला काही बोलले नाही. जी बाई आयुष्यभर दुखणं गिळत आली, तिला त्या अवस्थेत काय बोलणार? पण ती बटणं, ती नाडी, हातातून निसटलेला चमचा, पायऱ्यांवर एकदम धरलेला कठडा, जिभेवर अडखळलेला शब्द, हे सगळं ह्या औषधाच्या दिवसांत अशक्तपणाच्या खात्यावर टाकायचं नाही. सांगायचं. चुकीचं निघालं तर डॉक्टर बघतील आणि सोडून देतील. त्यांना त्याचा राग येत नाही. निदान आम्हाला भेटलेल्यांपैकी एकालाही आला नाही.

पुढचे नऊ-दहा दिवस ताई भिंत धरून चालत होती. बोलणं जड होतं, फोनवर तिच्या मुलाने विचारलं, आई, तू रडत होतीस का? मग हळूहळू पाऊल सरळ पडायला लागलं. बऱ्याच जणांचं असं औषध थांबवल्यावर भरून येतं; काहींचं मात्र कायमचं राहतं, आणि औषध जितकं पुढे रेटलं जाईल तितकी ती शक्यता वाढते. तिला सायटाराबिनचा मोठा डोस पुन्हा दिला नाही. पुढचा उपचार बदलला, तो मार्ग वेगळा, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आमच्या समोरच्या वॉर्डात एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता, त्याला दुसऱ्या प्रकारचा ल्युकेमिया होता, लहान मुलांना जास्त होतो तो. त्याला सायटाराबिन कधी शिरेतून, तर कधी पाठीतून, मणक्याच्या पाण्यात देत. पाठीतून द्यायचं औषध वेगळं बनवलेलं असतं, त्यात टिकवण्याचं रसायन चालत नाही. त्यालाच विनक्रिस्टिन नावाचं दुसरं केमोचं औषधही असायचं, आणि ते फक्त शिरेतूनच द्यायचं. पाठीतून गेलं तर जीव घेतं. त्यामुळे दोन औषधं एकाच वेळी खोलीत आणायची नाहीत असा नियम असतो. त्या मुलाची आई दर वेळी सुई लागायच्या आधी विचारायची, "हे कोणतं? कुठून द्यायचं?" सिस्टर लेबल तिच्यासमोर धरून मोठ्याने वाचायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई किती संशयी. मी चुकत होते. तिथल्या सिस्टरांना ती बाई हवीहवीशी वाटायची, कारण त्यांच्या दोन डोळ्यांना आणखी दोन डोळे मिळत होते.

मैत्रिणीला मी सांगितलं, एक वही कर. तारीख, ताप, काउंट, क्रिएटिनिन, कोणतं औषध कधी सुरू आणि कधी बंद. भाऊ आधीपासून कुठल्या गोळ्या घेत असेल, काढे, पावडरी घेत असेल, तर तेही सगळं डॉक्टरांसमोर ठेव. त्याला कोणतीही लस द्यायच्या आधी ह्याच डॉक्टरांना विचार. ताप १००.४. थेंब शेवटच्या डोसनंतरही. मोठ्या डोसच्या फेऱ्या येतील तेव्हा सही त्याची त्याने करायची, झोपेतून उठवून का होईना. आणि त्याला सांग, की जे वाटेल ते बोलायचं. ती म्हणाली, "तो बोलेल का? तो तर आमच्यात सगळ्यात गप्प." मी म्हणाले, "मग तू रोज विचार. नुसतं 'कसं वाटतंय' नको, त्याला उत्तर ठरलेलं असतं. बटण लावलंस का, पेन धरलं गेलं का, चालताना डुललास का, तोंडात चरचरतंय का, असं विचार."

फोन ठेवला. रात्री अकराला हे लिहिता लिहिता हात थांबला. जे सगळ्यात आधी सांगायचं, तेच राहिलं होतं. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, लग्न व्हायचंय. केमोने पुढे मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते. पुरुषाचे शुक्राणू औषध सुरू व्हायच्या आधी साठवून ठेवता येतात आणि ते काम बहुतेक वेळा एका दिवसात होतं. बाईसाठी बीजं काढायला दोनेक आठवडे लागतात, आणि हा आजार बऱ्याचदा तेवढा वेळ देत नाही. तरी विचारायचं. पण पहिला थेंब अंगात जायच्या आधी विचारायचं. ताईला तिची दोन मुलं होती, म्हणून आमच्याकडे हा विषय निघालाच नव्हता, आणि म्हणून माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

मी परत फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला, जागीच होती. मी सांगितलं. काही वेळ ती बोलली नाही.

"हे आम्हाला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आणि तो स्वतःहून आईबाबांसमोर हे कधीच काढणार नाही."

"औषध किती वाजता लागणार आहे?"

"दहाला. डॉक्टर आठला राउंडला येतात. मी साडेसातलाच तिथे जाऊन उभी राहते."